मृत सदस्याची पाहुणी

पत्र मे महिन्यात आलं. खालच्या मजल्यावरची शेजारीण ते घेऊन वर आली, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तू वाच आणि मला सांग. आहे इंग्रजीतच, पण मला काही कळेना."

तिचा जन्म डब्लिनचा. मला तिथे जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. तरी ते पत्र मला लगेच कळलं, कारण तसल्या भाषेशी भांडतच आमचं घर चालत आलं होतं. माझे वडील लष्करात हवालदार होते. निवृत्त झाल्यावर पुण्यात एका कारखान्याच्या फाटकावर सुरक्षारक्षक म्हणून उभे राहिले आणि सहा महिन्यांत त्यांनी रक्षकांची संघटना काढली. आमच्या दोन खोल्यांत गादीखाली, शिवणयंत्राच्या पेटीत, पिठाच्या डब्यावर पत्रकांचे गठ्ठे असत. 'आम्ही याचा जाहीर निषेध करतो' हे वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. कंपनीचं परिपत्रक आलं की वडील ते मोठ्याने वाचत, कुठला शब्द कुणाला बाहेर ठेवण्यासाठी घातलाय ते पेन्सिलीने खूण करून दाखवत, आणि रात्रीच्या पाळीला जायच्या आत उत्तराचं पत्रक तयार असे.

या पत्रातला तसा शब्द मी दुसऱ्याच ओळीत पकडला. 'पात्रता.'

पत्र निवृत्त सैनिकांच्या एका क्लबचं होतं. स्लायगोच्या पुढे समुद्रकाठी त्यांचं एक मैदान आहे. सैनिकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी सुट्टीत यावं, तंबू ठोकावा, नाहीतर वर्षानुवर्षं एकाच जागी आपलं चाकांवरचं घर ठेवावं, यासाठी राखलेलं. त्या घराला तिथे नुसतं 'मोबाइल' म्हणतात. शेजारणीचा जोडीदार तीस वर्षं सैन्यात होता. बावीस उन्हाळे दोघांनी त्या मैदानावर एकाच जागी काढले होते. फेब्रुवारीत तो गेला. आता क्लब कळवत होता की जागा सदस्याच्या नावावर होती. सदस्याच्या पश्चात ती विधवेकडे जाते, मात्र त्यासाठी विवाहाचा दाखला लागतो. तो नसेल तर ऑगस्टअखेर जागा रिकामी करावी. काही म्हणणं असल्यास ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी समितीपुढे कागदपत्रांसह यावं.

"दाखला नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "आम्ही लग्नच केलं नाही ना, लव्ह." सगळ्यांनाच ती 'लव्ह' म्हणायची.

त्याचं आधी एक लग्न झालेलं होतं आणि ते फार लवकर मोडलं होतं. तेव्हा या देशाच्या कायद्यात घटस्फोट नावाची गोष्टच नव्हती. पुढे कायदा आला, पण ती पहिली बाई, लिमरिकची, देवाधर्माची; तिला कोर्टात ओढायला हा तयार नव्हता. "आणि खरं सांगू? तोवर आम्हाला त्याची आठवणही राहिली नव्हती," शेजारीण म्हणाली. "मैदानावर सगळे मला त्याच्याच आडनावाने हाक मारायचे. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

ॲडम्सटाउन या डब्लिनच्या उपनगरातलं तिचं घर भाड्याचं होतं. तो मोबाइल मात्र तिचा होता. त्याची खिडकी त्याने बसवलेली, बाहेरच्या पायऱ्या त्याने बांधलेल्या. जागा गेली तर तो नेऊन ठेवणार कुठे? इतका जुना मोबाइल दुसऱ्या कुठल्या मैदानावर घेत नाहीत. भंगारात जातो.

"मी लिहीन," मी म्हटलं.

"लिही ना," ती म्हणाली. "तुला छान जमतं."

चूक इथेच झाली, आणि ती माझी होती. ती समितीला लिहायच्या अर्जाबद्दल बोलत होती. आमच्या घरात 'लिहिणं' म्हणजे काय असतं, हे तिला कसं माहीत असणार?

जूनमध्ये आई आली. तीन महिन्यांच्या व्हिसावर, सातारी मसाला आणि दोन स्वेटर घेऊन. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिची आणि शेजारणीची मैत्री झाली. आईला इंग्रजी दहा-बारा शब्द येत, शेजारणीला मराठी शून्य. पण दोघी तासन्‌तास बसत. आईचा चहा प्यायली की शेजारीण 'ग्रँड' म्हणायची, म्हणजे तिच्या बोलीत 'ठीक'. आई तिला आक्का म्हणायची. शेजारणीला वाटलं, हे 'हॅलो'सारखं काहीतरी असावं, म्हणून तीही आईला आक्का म्हणायला लागली. मी अर्थ सांगितला तर म्हणाली, "मग बरोबरच आहे की. दोघीही मोठ्या."

जुलैतल्या एका शुक्रवारी आम्ही तिघी शेजारणीच्या छोट्या गाडीतून मैदानावर गेलो. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर पोळ्यांचा डबा. फाटकापाशी एका लाकडी खोलीत क्लबचं ऑफिस होतं. सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त सार्जंट, पांढऱ्या मिशांचा, समोर मोठी नोंदवही. शेजारणीला पाहून तो उठून उभा राहिला, गेलेल्या मित्राबद्दल दोन शब्द बोलला आणि मग अवघडून म्हणाला, "या दोघी तुझ्या पाहुण्या. पण प्रश्न असा आहे की... निकाल लागेपर्यंत तू स्वतःच, म्हणजे नियमाने, पाहुणी आहेस. पाहुणीला पाहुणी आणता येत नाही."

"कुणाची पाहुणी?" मी विचारलं. "सदस्य तर गेले."

नियमांचा कागद त्याने माझ्याकडे सरकवला. पात्र कोण: सेवेतले सैनिक, निवृत्त सैनिक, त्यांचे पती किंवा पत्नी, एकवीस वर्षांखालची मुलं, विधवा आणि विधुर. मित्रदेशांच्या सैन्यांतलेही, ओळखपत्र दाखवल्यास. पाहुणे सात रात्री, सदस्य हजर असताना.

"काय म्हंतोय त्यो?" आईने विचारलं.

मी सांगितलं.

आईने कमरेची पिशवी सोडली आणि आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. माजी सैनिकाच्या विधवेचं ओळखपत्र. ते ती भाजी आणायलाही घेऊन जाते. सार्जंटने चष्मा लावला, पुढून-मागून वाचलं, वडिलांच्या रेजिमेंटचं नाव दोनदा चुकत वाचलं आणि तिसऱ्यांदा बरोबर.

"किती वर्षं सेवा?" त्याने आईकडे बघून विचारलं.

"चोवीस," आई म्हणाली. प्रश्न आणि उत्तर दोन्हींचं भाषांतर मी केलं.

त्याने नोंदवहीत लिहिलं: सैनिकाची विधवा, पात्र. मग पेन हवेत धरून थोडा विचार केला आणि खाली दोन ओळी लिहिल्या. माझ्या आणि शेजारणीच्या नावापुढे एकच शब्द: पाहुणी. आईची.

शेजारीण इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "बावीस वर्षं मी इथे येतेय, आणि आज मला साताऱ्याची बाई घेऊन आली!"

आई पण हसली. म्हणाली, "चला आक्का. माझ्या घरी चला."

मला हसू आलं नाही. सात समुद्र ओलांडून काल आलेली बाई एका कार्डावर पात्र, आणि जिने त्या माणसाला शेवटचं पाणी पाजलं ती अपात्र. मला माझ्या आईचा हक्क खटकत नव्हता. तो तिचाच होता. पण ज्या नियमाला या दोघींतला फरक फक्त कागदात दिसतो, तो नियम आंधळा आहे, आणि हे ओरडून सांगितलं पाहिजे, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही.

घरी परतल्यावर मी दोन संध्याकाळी लिहीत बसले. शीर्षक दिलं: 'मृत सदस्याची पाहुणी'. पहिल्या परिच्छेदात ती कोण, कधीपासून त्याच्यासोबत, लग्न का झालं नाही. दुसऱ्यात पहिली बायको: 'नियमाच्या हिशेबाने ही जागा उद्या तिला मिळू शकते, जिने हा समुद्र पाहिलेलाही नाही.' तिसऱ्यात नियम. शेवटी मागणी. मी नोकरी करत होते त्या बॉल्सब्रिजच्या ऑफिसात सगळे जेवायला गेले असताना साठ प्रती काढल्या. मला ते पत्रक आवडलं होतं, लपवत नाही. वडिलांनी खाली एक रेघ मारून 'ठीक' लिहिलं असतं, आणि त्यांच्याकडून 'ठीक' मिळणं सोपं नव्हतं.

समितीच्या शनिवारसाठी आम्ही तिघी आदल्या दिवशीच जाऊन राहिलो. बैठक दुपारी तीनला होती. सकाळी दोघी चहा पीत असताना मी फिरायला जाते म्हणून निघाले आणि मैदानावरच्या प्रत्येक मोबाइलच्या दारात एक पत्रक खोचलं. तंबूंच्या दोऱ्यांना अडकवलं. एक ऑफिसच्या दाराला. वारा जोराचा होता, तरी एकही उडू दिलं नाही.

तासाभरात मैदान बदललं. बायका दोन-दोनच्या घोळक्यात उभ्या राहिल्या. समोरच्या मोबाइलमधली म्हातारी, जी शेजारणीला रोज सकाळी हात करायची, तिने पडदा ओढून घेतला. एक गृहस्थ पत्रक घेऊन आमच्या दारात आला आणि शेजारणीला म्हणाला, "आम्हाला ठाऊक नव्हतं गं. आम्हाला वाटलं..." आणि तसाच परत गेला.

शेजारणीने पत्रक वाचलं. पूर्ण वाचलं. मग मला म्हणाली, "बाहेर ये."

पायऱ्यांशी उभी राहून ती हळू आवाजात बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बावीस वर्षं हे माझ्यापाशी होतं. समितीला सांगायला मी तयार होते. पाच माणसं, एक बंद खोली. तू ते तंबूंच्या दोऱ्यांना बांधलंस. आणि ती बाई, लिमरिकची. तिने माझं काही वाकडं केलेलं नाही. तिला कशाला आणलंस यात?"

"मी तुमच्यासाठीच..."

"मला विचारलंस?"

आमच्या पत्रकांत फाटकावरचे रक्षक असत, 'समस्त कामगार बंधू' असत. एकच माणूस, त्याचं एकच घर, त्याची झाकलेली गोष्ट, असं मी कधी लिहिलंच नव्हतं. वडील प्रत्येक रक्षकाला आधी विचारून यायचे का? यायचे. सायकलवरून, घरोघर. मला फक्त छापलेला कागद दिसायचा.

"मी तीनला जाणार नाही," ती म्हणाली. "सगळे बघत असतील. जाऊ दे जागा."

ती आत गेली. मी पायरीवर बसले. थोड्या वेळाने आईने मला आतून हाक मारली.

"हिकडं ये. मला हिच्याशी बोलायचंय. तू नुसतं तिच्या भाषेत सांगायचं. सवताचं काय घालायचं न्हाय."

टेबलावर शेजारणीची निळी फाइल पडलेली होती. समितीला दाखवायला तिने त्याचे सगळे कागद आणले होते. वर फोटो, खाली बावीस वर्षांच्या पावत्या. आई सैनिकाची विधवा नुसती कार्डापुरती नाही. वडील गेले तेव्हा पेन्शनच्या कागदात तिचं माहेरचं नाव होतं आणि रेशनकार्डावर लग्नानंतर सासरी ठेवलेलं. लग्नात नवऱ्याने तांदळात नवं नाव लिहिलं, सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले, पण लष्कराला कुणी कळवलं नाही. त्या दोन बायका एकच आहेत हे सिद्ध करायला आई आठ महिने सैनिक कार्यालयाच्या बाकावर बसली. तेव्हा मी कार्यालयाविरुद्ध पत्रक लिहिलं होतं. आईने तेव्हा वडिलांच्या सेवानोंदीचा उतारा मिळवला होता, आणि काम त्यानेच झालं.

"हिला इचार," आई म्हणाली, "हिचा मानूस परदेशी ड्यूटीवर जायचा का?"

मी विचारलं. शेजारीण मान वर न करता म्हणाली, "चार वेळा. लेबनॉनला, शांतिसेनेत."

"मग जाताना फारम भरून घेत्यात. काय बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं. त्या कागदावर त्यानं कुणाचं नाव लिवलं?"

मी इंग्रजीत सांगितलं. शेजारीण पहिल्यांदा आईकडे नीट बघायला लागली.

"माझं," ती म्हणाली. "अर्थात माझंच. त्याच्या प्रती असतील खाली कुठेतरी. त्यांचं काय?"

आईने फाइल उलटी केली आणि तळापासून काढायला लागली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण सैन्याचा कागद ती शिक्क्यावरून ओळखते. चार कागद निघाले, पिवळट, कडेला भोकं पाडलेले. प्रत्येकावर 'निकटचे नातलग' या मथळ्याखाली शेजारणीचं नाव, पत्ता, खाली अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. नात्याच्या रकान्यात त्याने चारही वेळा लिहिलं होतं: वाग्दत्त वधू. पहिल्या आणि शेवटच्या कागदात चौदा वर्षांचं अंतर होतं.

"चौदा वर्षं वाग्दत्त!" शेजारीण म्हणाली, आणि तिच्या तोंडातून हसणं आणि हुंदका एकदमच निघाला. "त्या क्लार्कना काय वाटलं असेल?"

"आता ह्यांचा नियमाचा कागद वाच," आई मला म्हणाली. "समदा. तू वाचला न्हाईस."

"वाचलाय मी."

"विधवेपातूर वाचलास. तुला राग आला, तू थांबलीस. खालपातूर वाच."

तिला इंग्रजी येत नसताना हे तिला कसं कळलं, हे मी विचारलं नाही. ती मला ओळखते. मी कागद काढला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत व्याख्या होत्या. तिसरी अशी: सदस्याचे कुटुंबीय म्हणजे त्याच्या सेवानोंदीत ज्यांची नावं निकटचे नातलग म्हणून नोंदलेली आहेत अशा व्यक्ती. आणि पुढच्या पानावर: सदस्याच्या पश्चात जागा विधवेकडे किंवा विधुराकडे, तसे कुणी पुढे न आल्यास त्याच्या कुटुंबीयांकडे.

मी ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं. एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत.

"शिक्का हाय, सही हाय," आई म्हणाली. "आक्का, उठा. केस इंचरा."

तीनला ती एकटी आत गेली. आम्ही दोघी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो. बाकाच्या आसपास बरेच जण काही ना काही काम काढून घुटमळत होते. कुणी कुत्र्याला फिरवत होतं, कुणी नळावर एकच बादली तिसऱ्यांदा भरत होतं. चाळीस मिनिटांनी दार उघडलं. आधी सार्जंट बाहेर आला.

"विधवा म्हणून नाही," तो मला म्हणाला, जणू माझीच केस होती. "तो नियम आहे तसा आहे. पण कुटुंबीय म्हणून, हो. जागा तिच्या नावावर. ते चार कागद बघितल्यावर बोलायला काही उरलंच नाही. त्यातल्या एकावर सही माझ्याच कंपनी कमांडरची आहे." मग खिशातून माझं पत्रक काढलं. "आणि हे तू लिहिलंस?"

"हो."

"अध्यक्ष म्हणतात, याच्यामुळे जागा जाणार होती."

"नियम चुकीचाच आहे," मी म्हटलं. "त्यांचे कागद सापडले म्हणून बरोबर होत नाही. ज्यांच्या जोडीदारांना परदेशी पाठवलंच नाही, त्यांनी काय करायचं?"

सार्जंटने पत्रकाची घडी केली आणि परत खिशात ठेवली. "वार्षिक सभा ऑक्टोबरात असते," एवढंच म्हणाला.

शेजारीण मागून आली. माझ्याकडे न बघता आईपाशी गेली आणि तिचे दोन्ही हात धरून उभी राहिली. मग आम्ही तिघी मोबाइलकडे निघालो. सकाळी पडदा ओढून घेतलेली म्हातारी तिच्या दारात उभी होती. शेजारीण थांबली. म्हातारी म्हणाली, "आम्हाला वाटलं तू बैठकीला जाणारच नाहीस." आणि मग, "माझ्या मुलीचंही असंच आहे. अकरा वर्षं त्याच्याबरोबर आहे. तो अजून सेवेत आहे." एवढं बोलून ती केक आणायला आत गेली.

संध्याकाळी उजेड भरपूर होता. शेजारीण पायरीवर बसली, माझ्याकडून पत्रकाची एक प्रत मागितली आणि आतून पेन्सिल आणायला लावली. पहिला परिच्छेद तिने पूर्ण खोडला. दुसराही, लिमरिकच्या बाईवर इतकी जोरात रेघ मारली की कागद फाटला. तिसऱ्या परिच्छेदापाशी ती थांबली, वाचलं, एक शब्द बदलला. मागणीच्या ओळी तशाच ठेवल्या.

"हे ऑक्टोबरच्या सभेसाठी," ती म्हणाली. "एवढंच छाप. हे तुझं म्हणणं आहे की माझं?"

मी विचार केला. "माझं," म्हटलं. "नियमाबद्दलचं माझंच आहे."

"मग खाली कुणाचंच नाव का नाही?"

आमच्या पत्रकांखाली कधीच एका माणसाचं नाव नसे. 'आपले, संघटनेचे कार्यकर्ते' असायचं. मी तिला ते सांगितलं.

"इथे संघटना नाही," ती म्हणाली. "तू आहेस. दारात कागद खोचून जाणाऱ्याचं नाव लोकांना कळायला हवं, म्हणजे त्यांना भांडायचं असेल तर कुठे यायचं ते कळेल. लिही."

मी पेन्सिल घेतली आणि तळाशी माझं पूर्ण नाव लिहिलं. तिने पत्ताही लिहायला लावला, ॲडम्सटाउनमधला फ्लॅटच्या नंबरासकट. मग कागद हातात घेऊन तिने तो पुन्हा वरपासून वाचला, मान हलवली आणि आईला म्हणाली, "ग्रँड."